ज्याँ गाबँ : युद्धाआधीचा आणि युद्धानंतरचा

किनारा (धागालेखक)

फ्रेंच सिनेमा म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट १९५९-६० वर येऊन थांबते. ‘नव्या लाटे’चे दिग्दर्शक गोदार आणि त्रुफो, नट बेलमाँदो. त्यांच्याही आधीपासून तिथला सिनेमा ज्याच्या खांद्यावर उभा होता, त्या ज्याँ गाबँचं नाव मात्र क्वचित निघतं. म्हणून हा धागा. मला त्याच्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे: ही कारकीर्द एकाची नाही, दोन नटांची आहे, आणि त्या दोघांच्या मधे एक रणगाडा उभा आहे.

जन्म १७ मे १९०४, पॅरिस. खरं नाव ज्याँ-आलेक्सी माँकोर्जे. आईवडील दोघंही काफे-काँसेरमधले कलावंत, म्हणजे गाणी आणि विनोदी प्रवेश करून घर चालवणारे. ‘गाबँ’ हे वडिलांचं रंगमंचावरचं नाव, तेच पुढे मुलाने घेतलं. बालपण गेलं पॅरिसच्या उत्तरेला वाझ नदीकाठच्या मेरिएल गावात, रेल्वेच्या रुळांलगतच्या घरात. पोराला इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं. नाटक-गाण्याचा धंदा त्याला नको होता. शाळा लवकर सुटली, मजुरी झाली, कारखाना झाला, गोदामात काम झालं. शेवटी अठराएक वर्षांचा असताना वडिलांनीच त्याला फोली बर्जेर या पॅरिसच्या नाचगाण्याच्या रंगमंचावर नेऊन उभं केलं. मग नौदलातली सक्तीची नोकरी, परत आल्यावर ऑपेरेटा म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिका, मुलँ रूजमध्ये गायिका-नर्तकी मिस्तँगेतबरोबर गाणी आणि नाच. १९३० मध्ये बोलपट आला तेव्हा हा गडी पडद्यावर आला तो गाणारा-नाचणारा म्हणून. त्याच्या हालचालीत जो तोल दिसतो तो तिथला आहे, असं माझं मत. चालताना, टेबलाशी बसताना, सिगरेट पेटवताना त्याचं अंग कधीच अवघडलेलं नसतं.

१९३५ ते १९३९ ही पाच वर्षं म्हणजे कमाल आहे. जुलियाँ द्युविव्हिएचा ‘पेपे ल मोको’ (१९३७), ज्याँ रेन्वारचे ‘ला ग्रांद इल्युझ्याँ’ (१९३७) आणि ‘ला बेत ह्युमेन’ (१९३८), मार्सेल कार्नेचे ‘के दे ब्र्युम’ (१९३८) आणि ‘ल जूर स लेव्ह’ (१९३९). अल्जियर्सच्या कसबा या जुन्या वस्तीत अडकलेला गुंड, ल हाव्र बंदरात आलेला पळपुटा सैनिक, इंजिन ड्रायव्हर, कारखान्यातला कामगार. ‘ग्रांद इल्युझ्याँ’ सोडला तर यातल्या प्रत्येकात तो शेवटी मरतो. समीक्षक आंद्रे बाझँने त्याला ‘कापडी टोपीतला इडिपस’ म्हटलं ते याचसाठी; इडिपस म्हणजे ग्रीक शोकांतिकेतला राजा. राजेरजवाड्यांच्या वाट्याला येणारी शोकांतिका पहिल्यांदाच हाताला ग्रीस लागलेल्या माणसाच्या वाट्याला आली, आणि लोकांनी ती आपली मानली.

त्या काळात असं बोललं जाई की करार करताना गाबँ एक अट घालतो: चित्रपटात त्याचा स्फोट होईल असा एक प्रसंग हवाच. ‘ल जूर स लेव्ह’मधला पाहा. खून करून तो उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. खाली चौकात पोलीस आणि बघे. रात्रभर तो त्या खोलीत सिगरेटी ओढतो, काडेपेटी संपली म्हणून एका सिगरेटवर दुसरी पेटवतो. आणि मग खिडकीत येऊन खालच्या गर्दीवर ओरडतो, की फ्रांस्वा आता उरला नाही, जा घरी, मला एकटं सोडा. आधीचा तासभर तो इतका हळू बोललाय की त्या ओरडण्याने अंगावर काटा येतो.

लहानपणीचं स्वप्न ‘ला बेत ह्युमेन’मध्ये पुरं झालं. झोलाच्या कादंबरीतला इंजिन ड्रायव्हर साकारायला तो खरंखुरं इंजिन चालवायला शिकला. सुरुवातीला इंजिनवर तो आणि फायरमन झालेला कारेत दोघं आहेत. शब्द जवळपास नाहीत, आवाजात काही ऐकूच येणार नाही म्हणून हातवाऱ्यांनी बोलतात. त्या दोघांना बघून कुणालाही वाटेल की हे रोज हेच करतात.

मग युद्ध. फ्रान्स पडला. जर्मनांच्या ताब्यातल्या चित्रपटधंद्यात काम करायचं नाही म्हणून १९४१ मध्ये गाबँ अमेरिकेला गेला. हॉलिवूडमध्ये दोन चित्रपट केले, ‘मूनटाइड’ आणि ‘द इम्पोस्टर’. दोन्ही फारसे चालले नाहीत. पण पैसा होता, घर होतं, सोबतीला नटी मार्लेन डिट्रिख होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या नटाला कुणी लढायला बोलावलं नव्हतं. तो स्वतः द गॉलच्या मुक्त फ्रेंच नौदलात भरती झाला. ‘एलोर्न’ नावाच्या तेलवाहू जहाजावर तोफांची जबाबदारी घेऊन अटलांटिक ओलांडला. भूमध्य समुद्रात त्या ताफ्यावर हवाई हल्ला झाला, तेव्हा तो डेकवर होता. अल्जियर्सला पोचल्यावर त्याने मागून घेतली ती रणगाड्यांची तुकडी: नौसैनिकांची चिलखती रेजिमेंट, जनरल लक्लेर्कच्या दुसऱ्या चिलखती डिव्हिजनमधली. रणगाड्याचं नाव ‘सुफ्लर’. बंद जागेची आणि आगीची त्याला भीती वाटत असे, आणि हा माणूस लोखंडी डब्यात बसून फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या रॉयाँपासून जर्मनीतल्या बेर्श्टेसगाडेनपर्यंत गेला. क्रॉ द गेर आणि मेदाय मिलितेर ही पदकं मिळाली. १९४५ च्या उन्हाळ्यात सुटला तेव्हा वय ४१, आणि केस पांढरे.

त्या पांढऱ्या केसांनी सगळं बदललं. युद्धाआधीचा प्रेमवीर आता शोभेना. कार्नेच्या नव्या चित्रपटातून तो आणि डिट्रिख दोघंही बाहेर पडले, ती भूमिका नवख्या इव्ह माँताँकडे गेली. डिट्रिखबरोबर केलेला ‘मार्तँ रुमान्याक’ (१९४६) पडला. पुढची सात-आठ वर्षं चित्रपट येत होते, काही चांगलेही होते, १९५१ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पारितोषिकसुद्धा मिळालं, पण प्रेक्षक तिकीट काढून गाबँला बघायला जायचा तो जाईना.

१९५४ मध्ये जाक बेकेरचा ‘तुशे पा ओ ग्रिस्बी’ आला. बेकेर म्हणजे तीसच्या दशकातला रेन्वारचा सहायक. गाबँ यात मॅक्स नावाचा मुरलेला दरोडेखोर आहे. शेवटचा मोठा हात मारून झालाय, आता निवृत्त व्हायचंय. त्यातला एक प्रसंग मी किती जणांना दाखवला असेल! मॅक्स आपला जुना दोस्त रिताँ याला आपल्या गुप्त फ्लॅटवर आणतो. पाठलाग होणार हे दोघांनाही माहीत आहे. आणि बेकेर आपल्याला काय दाखवतो? मॅक्स कपाटातून कडक टोस्ट काढतो, त्यावर लावायचा मांसाचा ‘पाते’ काढतो, वाइन काढतो. दोघं सावकाश खातात. मॅक्स मित्राला त्याच्या चुका सांगतो, आवाज न चढवता. मग अंथरुण-पांघरूण काढून देतो, घडी केलेला पायजमा देतो, स्वतः दात घासतो. रिताँ आरशात आपल्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या बघतो. दोन म्हातारे होत चाललेले पुरुष झोपायला जातात, बस्स. गाबँने युद्धाआधी हे केलं नसतं. तेव्हा त्याला मरायला यायचं. इथे तो म्हातारं होऊन दाखवतो, आणि माझ्या मते ते जास्त अवघड आहे.

तुम्ही काय पाहिलंय, काय आवडलं, लिहा.

---

मुशाफिर

+१. छान लिहिलंत. ‘ग्रांद इल्युझ्याँ’वर मात्र तुम्ही एका ओळीत पुढे गेलात, ते मी भरून काढतो. मी हा पहिल्यांदा पुण्याला फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी जर्मनांच्या छावणीत. गाबँ म्हणजे मारेशाल, मूळचा मेकॅनिक, युद्धात अधिकारी झालेला. रेन्वार स्वतः त्या युद्धात वैमानिक होता आणि त्याचाच गणवेशाचा कोट गाबँने अंगावर घातलाय.

एका प्रसंगात मारेशालला अंधारकोठडीत टाकलंय. तो ओरडतो, भिंतींवर आपटतो, मला आपली भाषा ऐकायचीय म्हणतो. म्हातारा जर्मन पहारेकरी आत येतो, सिगरेट देऊन पाहतो, मग एक माउथ ऑर्गन काढून बाकावर ठेवतो आणि निघून जातो. गाबँ बराच वेळ त्याच्याकडे बघतही नाही. मग नकळत उचलून वाजवायला लागतो. दाराबाहेर पहारेकरी ते ऐकून थबकतो. शत्रुत्वाबद्दल एवढं नेमकं मी दुसरीकडे पाहिलं नाही. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनापर्यंत पोचलेला हा पहिला परभाषिक चित्रपट, आणि नाझी प्रचारमंत्री गोबेल्सचा पक्का नावडता.

---

सडेतोड

पहिल्या भागाशी पूर्ण सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही. ‘ग्रिस्बी’ उत्तमच, तो तर खुद्द त्रुफोनेही नावाजला होता. पण त्यानंतर काय? वर्षाला तीन-तीन चार-चार चित्रपट, कधी पोलीस इन्स्पेक्टर, कधी गुंडांचा म्होरक्या, कधी बँकवाला, कधी ट्रक ड्रायव्हर. झील ग्रांजिए नाहीतर दनी द ला पातेलिएर दिग्दर्शक, मिशेल ओदियारचे चटकदार संवाद, आणि गाबँ मधोमध बसून सगळ्यांना झापणार. तीसच्या दशकात हा नट रेन्वार, कार्ने, द्युविव्हिए यांच्या हाती स्वतःला सोपवत होता. पन्नाशीनंतर त्याने आपल्या सोयीचे दिग्दर्शक निवडले. ‘बापजाद्यांचा सिनेमा’ म्हणून नव्या पोरांनी जे झोडपलं, त्यात गाबँच्या या चित्रपटांचा वाटा मोठा होता आणि मला त्या पोरांचं पटतं. ज्याच्यात एवढी ताकद आहे त्याने ती अशी वापरावी याचं वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

---

किनारा

सडेतोड, सोयीचे दिग्दर्शक हा मुद्दा खरा आहे आणि तो मला नाकारता येणार नाही. नव्वदहून अधिक चित्रपट केलेल्या माणसाचे सगळेच कसे चांगले असतील? पण त्या गर्दीत जे आहे तेही बघा.

‘ला त्राव्हेर्से द पारी’, १९५६, दिग्दर्शक ओताँ-लारा. जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस, रात्रीची संचारबंदी. बूरविल आणि गाबँ सुटकेसांमध्ये काळ्या बाजाराचं डुकराचं मटण भरून शहराच्या एका टोकाकडून माँमार्त्रला पायी नेतात. सुरुवातीलाच तळघरात गाबँ दुकानदाराकडून, म्हणजे लुई द फ्युनेसकडून, पैसे उकळतो. आधी हळू आवाजात. मग दुकानदाराचं नाव मोठ्याने. मग आणखी मोठ्याने, रस्त्यावर ऐकू जाईल इतकं, आणि दर वेळी रक्कम वाढवत. फ्युनेसचा चेहरा पडत जातो. तीसच्या दशकातला तोच स्फोट आहे हा, पण इथे तो स्वतःच्या ताब्यात ठेवून हत्यारासारखा वापरतो. हा नवा गाबँ आहे, जुन्याची नक्कल नाही.

आणि ‘मेलोदी आँ सू-सोल’ (१९६३), आँरी व्हेर्नअचा. कान शहरातल्या कसिनोवरचा दरोडा. शेवट सांगत नाही, पण त्या शेवटात गाबँ जलतरण तलावाच्या काठी खुर्चीत बसलाय, डोळ्यांवर काळा चष्मा. समोर तरणाबांड आलँ दलाँ. गाबँ काही म्हणजे काही करत नाही, आणि नजर हटत नाही त्याच्यावरून.

---

वाझकाठ

मी पॅरिसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. मेरिएल आमच्याच लाइनवर आहे, गार द्यु नॉरहून निघणाऱ्या उपनगरी गाडीने. आजही स्टेशनवरून गावात उतरलं की रूळ आणि घरं किती खेटून आहेत ते कळतं, इंजिन ड्रायव्हर व्हावंसं वाटणार नाही तर काय! त्याच्या नावाचं संग्रहालयही गावाने उभं केलं.

इथे येऊन मला जाणवलं की फ्रेंच लोकांच्या मनातला गाबँ हा बहुतांशी दुसराच, म्हणजे पांढऱ्या केसांचा. माझ्या सासूबाईंच्या पिढीला त्याचे ते ‘साधारण’ चित्रपट संवादांसकट पाठ आहेत, आणि टीव्हीवर लागले की सगळं घर बसतं. ‘अँ सँज आँ निव्हेर’ (१९६२) त्यांचा लाडका. त्यात गाबँ नॉर्मंडीतल्या छोट्या हॉटेलचा मालक आहे. युद्धात, बाँबवर्षावात त्याने शपथ घेतलेली असते की यातून वाचलो तर दारू सोडीन, आणि तो ती पाळतो. मग पोरसवदा बेलमाँदो तिथे उतरतो आणि दोघांची एक रात्र रंगते. सडेतोड, नव्या लाटेचा सर्वांत लाडका नट या म्हाताऱ्यासमोर बसून किती आनंदाने काम करतोय ते बघा. भांडण समीक्षकांचं होतं, नटांचं नव्हतं.

१९७४ मध्ये, सत्तरीत, त्याने ‘मँत्नाँ ज से’ हे गाणं केलं. गातो कसला, बोलतोच. दर वयात मला वाटायचं की आता मला कळलं, असं सांगत जातो. ते इथे रेडिओवर अजून लागतं. १५ नोव्हेंबर १९७६ ला तो गेला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी नौदलाच्या ‘देत्रोआया’ जहाजावरून ब्रेस्टच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात सोडल्या. नटाला असा लष्करी मान मिळाल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

---

बांधावरून

सिनेमातलं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण याच माणसाची शेतीची गोष्ट वाचली होती ती सांगतो, कारण ती इथे यायला हवी.

गाबँने १९५२ मध्ये नॉर्मंडीत, ओर्न जिल्ह्यातल्या बोनफ्वा गावाजवळ जमीन घेतली. वाढवत वाढवत शेकडो एकर झाली. गुरं पाळली, शर्यतीचे घोडे पाळले, जवळच मुलँ-ला-मार्शला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान उभं केलं. सिनेमा हा पोटाचा धंदा आणि शेती हा खरा, असं तो मानायचा. २७-२८ जुलै १९६२ च्या रात्री सुमारे सातशे शेतकऱ्यांनी त्याच्या घराला वेढा घातला. मागणी अशी की तुझं पोट सिनेमावर भरतं, तुझ्या मालकीची काही शेतं तरुण शेतकऱ्यांना कसायला दे. त्याने पोलिसांत तक्रार केली, पुढे ती मागे घेतली. पण त्या रात्रीने तो आतून दुखावला तो कायमचा.

त्याच्याबद्दल सहानुभूती आहेच. मध्यरात्री घरात बायकापोरं असताना असा जमाव येणं कुणाला चालेल? पण त्या तरुण शेतकऱ्यांची बाजूही मला कळते. बाहेरचा पैसा घेऊन माणूस गावात येतो, भाव चढतात, आणि कसणाऱ्याला एकर मिळत नाही, हे आम्ही डोळ्यांनी बघतोय. फ्रान्समध्ये तेव्हा हा प्रश्न पेटलेलाच होता. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९६२ मध्ये, तिथे नवा शेती कायदा झाला आणि विक्रीला निघालेल्या जमिनीवर पहिला हक्क सांगायचा अधिकार प्रादेशिक भूसंस्थांना मिळाला, म्हणजे ती कसणाऱ्यापर्यंत जावी. गाबँचं नाव मोठं म्हणून मोर्चा त्याच्या दारात गेला.

---

किनारा

बांधावरून, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी धाग्यात शेतीला हात लावला नव्हता कारण दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही. जन्मभर कामकऱ्याच्या भूमिका करणाऱ्याला खऱ्या शेतकऱ्यांनी ‘तू आमच्यातला नाहीस’ म्हणून सांगावं, हे त्याला किती लागलं असेल! आणि तरी त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन्ही खरं आहे.

---

सायली_म

सगळे प्रतिसाद वाचले, वाचनखूण साठवली. ‘ल शा’ (१९७१) कुणीच कसा काढला नाही? पिएर ग्रानिए-दफेर दिग्दर्शक, सिमनाँची कादंबरी. गाबँ आणि सिमोन सिन्योरे हे म्हातारं जोडपं. पॅरिसजवळ कुर्बव्हाला, चहूकडे पाडापाडी चाललेली, नवे टॉवर उठताहेत, आणि यांचं एकच घर उभं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तो मांजरावर जीव लावतो, तिला ते सहन होत नाही. नंतर तर चिठ्ठ्या लिहून एकमेकांच्या अंगावर भिरकावतात. स्वयंपाकघरात दोन स्वतंत्र किराणा, दोन स्वतंत्र जेवणं. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दोघांनाही अभिनयाचं ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक मिळालं.

सडेतोड म्हणतात तसा इथे तो ‘मधोमध बसून झापत’ नाही. पाठ फिरवून उभा असतो. अर्धा चित्रपट मी त्याची पाठ बघत होते आणि तरी त्याच्या मनात काय चाललंय ते कळत होतं. सिन्योरेही तोडीस तोड, किंबहुना काही ठिकाणी ती पुढे आहे. गाबँच्या चित्रपटांत बायकांना एवढी जागा क्वचित मिळाली, ही माझी तक्रार आहे. ‘के दे ब्र्युम’मध्ये मिशेल मॉर्गनला तो ‘तुझे डोळे सुंदर आहेत’ म्हणतो तो प्रसंग सगळ्यांना पाठ, पण तिच्या पात्राला त्यापलीकडे काय मिळालं?

एक प्रश्न: कुणाला नव्याने सुरुवात करायची असेल तर कुठून करावी?

---

सडेतोड

‘ल शा’ मी पाहिलेला नाही, सायली, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तो पाहावाच लागेल. ग्रांजिएच्या चित्रपटांबद्दल माझं मत तेच आहे.

---

किनारा

सायली_म, मिशेल मॉर्गनबद्दल सहमत.

सुरुवात ‘ग्रिस्बी’पासून करा असं मी सुचवेन. दीड तासाचा आहे, कथा सोपी आहे, लिनो व्हेंतुरा पहिल्यांदाच पडद्यावर आलाय (त्याआधी तो कुस्तीगीर होता) आणि तरुण झान मोरोही आहे. त्यानंतर लगेच ‘ल जूर स लेव्ह’ बघा, म्हणजे मधल्या पंधरा वर्षांत त्या चेहऱ्याचं काय झालं ते समोरासमोर दिसेल. ‘पेपे ल मोको’ तिसरा. ‘ग्रांद इल्युझ्याँ’ मुद्दाम उशिरा ठेवा, कारण तो एकट्या गाबँचा चित्रपट नाही, त्यात एरिक फॉन स्ट्रोहाइम आणि पिएर फ्रेने तेवढेच महत्त्वाचे आहेत. पोलीस तपासाच्या कथा आवडत असतील तर ‘मेग्रे ताँ अँ पिएज’ (१९५८) जरूर. इन्स्पेक्टर मेग्रे म्हणून त्याने तीन चित्रपट केले, त्यातला हा पहिला आणि सर्वांत चांगला. ‘ल शा’ शेवटी. मुशाफिर, अर्काइव्हमध्ये पुढे कधी यातलं काही लागलं तर इथेच कळवा, पुणेकर एकत्र जाऊ.